व्हीगन ताटाशेजारी कोणती गोळी, किती आणि कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की नागपुरात दोन गोष्टी जोडीनं येतात. एक घरोघरी ताप, आणि दुसरी म्हणजे सकाळी पेपरची घडी उलगडली की मांडीवर पडणारी ‘इम्युनिटी’ची रंगीत पत्रकं. अलीकडे त्या पत्रकांवर ‘व्हीगन’ हा शब्दही ठळक अक्षरांत दिसतो. व्हीगन म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही न खाणारे. त्यांच्यासाठी खास बनवलेला डबा म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुधा सी जीवनसत्त्व, झिंक, हळद आणि गुळवेल असतात. त्यांना ज्या एका गोष्टीची खरोखर निकड असते ते बी-१२ जीवनसत्त्व एक तर नसतं, नाही तर नावापुरतं असतं. आम्ही आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट म्हणून हे लेबल रोज वाचतो, म्हणून हे पत्र. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर सी जीवनसत्त्वाचा भाग कापावा, बी-१२ चा नको.

आधी ‘इम्युनिटी वाढवणे’ या शब्दप्रयोगाबद्दल. हाडांच्या मगजात रोज अब्जावधी पांढऱ्या पेशी नव्यानं तयार होतात. पेशी दुप्पट व्हायची तर तिचं डीएनए दुप्पट व्हावं लागतं आणि त्यासाठी बी-१२ आणि फोलेट (फॉलिक ॲसिड, हेही एक बी जीवनसत्त्वच) लागतात. टी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या वाढीला झिंक लागतं, प्रतिपिंडं तर प्रथिनांचीच बनलेली असतात. यातलं काही कमी पडलं की प्रतिकार लुळा पडतो आणि कमतरता भरून काढली की तो पूर्ववत होतो. पण माठ काठोकाठ भरल्यावर आणखी पाणी ओतलं तर ते खालीच सांडतं. सी जीवनसत्त्व असं लघवीवाटे सांडून जातं. झिंक आणि डी मात्र नुसते सांडत नाहीत, ते माठच फोडतात. म्हणून ‘जास्त घेतलं तर काय बिघडतं?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक गोळीसाठी वेगळं आहे.

बी-१२ फक्त जीवाणू बनवतात. ते प्राण्यांच्या शरीरातून मांसात, अंड्यात, दुधात उतरतं, पण वनस्पतींत ते भरवशाचं नसतंच. इडली, ढोकळा, आंबील, घरचं आंबवलेलं लोणचं यांतून ते मिळतं हा गोड गैरसमज आहे. न धुतलेल्या भाजीतून मिळतं असं सांगणारे तर मातीसोबत जंतही गिळायला सांगत असतात. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर ‘नैसर्गिक बी-१२’ असं छापलेलं असतं. त्यातला बहुतांश भाग बी-१२ सारखा दिसणारा, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असा रेणू असतो. तोच रेणू काही तपासण्यांत खऱ्या बी-१२ मध्ये मोजला जाऊन अहवाल उगीच चांगला दाखवू शकतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. मग ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅमची गोळी कशाला, असं अनेक जण विचारतात. उत्तर आतड्यात आहे. जठरातून स्रवणारं एक प्रथिन, इन्ट्रिन्सिक फॅक्टर, बी-१२ ला हाताला धरून आत नेतं, पण एका वेळी दीड ते दोन मायक्रोग्रॅम नेलं की ते दमतं. त्यावरचं बी-१२ फक्त एक टक्क्याच्या आसपास आपोआप झिरपतं. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून अंगी लागतं साधारण ११-१२ मायक्रोग्रॅम. यावरून हिशेब सरळ होतो: रोज घेणार असाल तर २५ ते १०० मायक्रोग्रॅम पुरे, आठवड्यातून दोनदा घेणार असाल तर प्रत्येक वेळी १०००. बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ५ ते १५ मायक्रोग्रॅम असतं. दहा-पंधराची असेल आणि रोज न चुकता घेतली, तर निरोगी माणसाला राखणीपुरती ती चालते. आठवण होईल तेव्हा घेतली, तर नाही. आणि आधीच कमतरता असेल तर मुळीच नाही.

दुकानात सायनोकोबालामिन मागितलं तर नागपुरात अनेकदा मिथाइलकोबालामिन हातात पडतं. दोन्ही चालतात. पहिलं स्वस्त आणि टिकाऊ आहे. दुसरं उजेडानं लवकर खराब होतं, म्हणून ते पट्टीतून काढून पारदर्शक डबीत भरून ठेवू नये. मिथाइल ५०० मायक्रोग्रॅम रोज, किंवा १५०० आठवड्यातून दोन-तीनदा, असं व्यवहारात बसतं. खरी गफलत दुसरीकडे होते. ‘नसांची गोळी’ म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक पट्ट्यांत मिथाइलकोबालामिनसोबत प्रीगॅबालिन असतं. ते मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं औषध आहे. त्यानं झोप येते, तोल जातो आणि एकदम बंद केलं तर त्रास होतो. बी-१२ ची गोळी म्हणून रोज ते गिळणं हा निव्वळ वाचायचा आळस आहे, गिऱ्हाइकाचाही आणि देणाऱ्याचाही. पट्टीच्या मागच्या बाजूला घटक एकच असावा.

दूध सोडल्यावर किती दिवसांनी गोळी सुरू करायची? पहिल्या दिवसापासून. यकृतात दोन-तीन वर्षांचा साठा असतो हे पुस्तकी उत्तर आयुष्यभर मांसाहार केलेल्यांसाठी आहे. आपल्याकडे व्हीगन होणारे बहुतेक जण मुळात शाकाहारी घरातले असतात. चहापुरतं दूध आणि वाटीभर दही एवढ्यावर त्यांचा साठा आधीच तळाला टेकलेला असतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणारे यांचं शोषण आणखी कमी होतं. तळपायाला झिणझिण्या, गुळगुळीत लाल जीभ, अंधारात चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. अशा वेळी गोळीचा प्रयोग न करता डॉक्टरांकडून इंजेक्शनचा कोर्स घ्यावा. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण व्हीगन आहोत हे आवर्जून सांगावं, कारण नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू शरीरातलं उरलंसुरलं बी-१२ निकामी करतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईबद्दल थोडं कठोर लिहायला हवं. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर दुधात ते येत नाही. बाळ पहिले काही महिने गुटगुटीत दिसतं. मग चार ते दहा महिन्यांच्या दरम्यान ते हसायचं, मान धरायचं विसरू लागतं, मलूल होतं, कधी हातपाय थरथरतात. बालरोगतज्ज्ञ याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात आणि भारतातल्या बालरुग्णालयांना तो अजून पाहावा लागतो. आईनं स्वतःची गोळी चुकवू नये, बाळाचे थेंब बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावेत. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी बदामाचं किंवा नारळाचं ‘दूध’ देऊ नये. त्यात बाळाला लागणारी प्रथिनंही नसतात आणि कॅल्शियमही.

तपासणी कोणती करावी, यावर आमचं मत स्पष्ट आहे: ‘फुल बॉडी’ पॅकेज नको. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि २५-हायड्रॉक्सी डी (डी जीवनसत्त्वाची पातळी) या चार पुरतात. बी-१२ गोळी सुरू करण्याआधी तपासावं, कारण गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या दरम्यान असेल आणि लक्षणं असतील तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी रसायनं) तपासून खात्री करतात.

सीबीसीत एक फसवा आकडा असतो, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. बी-१२ कमी असेल तर लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. व्हीगन माणसात अनेकदा दोन्ही कमी असतात. मग मोठ्या आणि लहान पेशींची सरासरी ‘नॉर्मल’ येते आणि अहवाल बघून सगळे निश्चिंत होतात. अशा वेळी शेजारचा आरडीडब्ल्यू बघावा. पेशींच्या आकारात तफावत असेल तर तो वाढलेला असतो.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांचे वाहक आपल्याकडे बरेच आहेत. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी लोह भरपूर असूनही लहानच असतात. त्याला नुसत्या हिमोग्लोबिनवरून लोहाच्या गोळ्या वर्षभर चारल्या तर उपयोग शून्य, आणि साठणाऱ्या लोहाचा धोका वर. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्यात तर लोह आधीच जास्त असतं. म्हणून आमच्या भागात नियम असा: फेरिटिन बघितल्याशिवाय लोह नाही, आणि फेरिटिन चांगलं असूनही पेशी लहान असतील तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते सांगणारी तपासणी. फेरिटिन तापात, संसर्गात वाढतं, म्हणून ते ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करावं. सिकलसेलच्या रुग्णांना फॉलिक ॲसिड नेहमी दिलं जातं. त्यातला कोणी व्हीगन असेल तर बी-१२ सोबत हवंच, नाहीतर फोलेटमुळे रक्त बरं दिसत राहतं आणि नसा आतून झिजत जातात.

लोहाची गरज स्त्रियांना दिवसाला २९, पुरुषांना १९ मिलिग्रॅम. कमतरता ठरली तर गोळी रोज दोनदा घेण्यापेक्षा दिवसातून एकदा, शक्य तर एक दिवसाआड घेतलेली जास्त अंगी लागते. एक मात्रा घेतल्यावर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि दुसऱ्या दिवशीची वाट ते अर्धवट बंद करतं, हे त्याचं कारण. चहा आणि लोह यांच्यात निदान एक तासाचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं.

आता डी. मेडिकलमध्ये (दुकानाला आपण तेच म्हणतो, रुग्णालयालाही) मिळणारं ६०,००० युनिटचं पाकीट म्हणजे डी-३, आणि ते बहुधा मेंढीच्या लोकरीवरच्या मेणापासून काढलेलं असतं. सॉफ्टजेल कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. व्हीगन माणसासाठी दोन पर्याय आहेत: दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं डी-३, किंवा यीस्ट-मशरूमपासूनचं डी-२. रोजच्या लहान मात्रेत दोघांत फारसा फरक पडत नाही. महिन्यातून एकदा मोठी मात्रा घ्यायची असेल तर डी-२ लवकर ओसरतं. डी-२ घेणाऱ्यांनी प्रयोगशाळेला पद्धत विचारावी. काही इम्युनोॲसे तपासण्या डी-२ कमी मोजतात, एलसी-एमएस पद्धत दोन्ही नीट मोजते. नाहीतर औषध काम करत असूनही आकडा हलत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते.

मात्रा: रोजची गरज ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. स्वतःच्या मनानं घ्यायची तर ६०० ते १००० युनिट, तेल-दाणे असलेल्या जेवणासोबत. ६०,००० ची मात्रा तपासणीत कमतरता निघाल्यावर, आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे. इथं होणारी चूक ठरलेली आहे: ‘आठवड्यातून एकदा’ असं लिहिलेलं पाकीट घरी गेल्यावर रोज घेतलं जातं. डी चरबीत साठतं, रक्तात कॅल्शियम चढतं, मग मळमळ, फार तहान, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. दुकानदारानं पाकिटावर वार लिहून द्यावा, ‘दर रविवारी’ इतकं साधं.

ऊन नागपुरात काय कमी आहे, हा प्रश्न रास्त आहे. पण कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. मे महिन्यात ती वेळ सकाळी नऊ-सव्वानऊलाच येते, त्यामुळे ४५ अंशांच्या दुपारी ऊन लावून घ्यायची गरज नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र भर दुपारी बारालाही सावली जवळपास आपल्याएवढीच असते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीतलं ऊनच घ्यावं. उघडे हात-पाय, दहा ते वीस मिनिटं, सावळ्या कातडीला थोडी जास्त. दुपट्ट्यानं डोळ्यांपर्यंत गुंडाळून, हातमोजे घालून स्कूटरवरून रोज वीस किलोमीटर फिरलं तरी डी मिळत नाही. तो दुपट्टा आमच्या उन्हाळ्याची गरजच आहे, म्हणून त्याला दोष नाही. गोळीचा हिशेब मात्र त्याप्रमाणे करावा. डी घेतल्यानं सर्दी-खोकला टळतो का? २०१७ साली अनेक चाचण्या एकत्र मोजल्या तेव्हा रोजच्या किंवा आठवड्याच्या मात्रेचा थोडा फायदा दिसला, मुख्यतः ज्यांच्यात फार कमतरता होती त्यांना. एकरकमी मोठ्या मात्रेचा दिसला नाही. पुढे नव्या चाचण्या मिळवून पुन्हा मोजल्यावर तो थोडा फायदाही फिका पडला. हाडांसाठी डी घ्यावं. त्यातून सर्दी टळली तर वरकड.

झिंकबद्दल सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून जरा सावकाश. २०२०-२१ मध्ये ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या घराघरांत गेल्या आणि काही घरांत त्या अजून चालूच आहेत. झिंकची वरची सुरक्षित मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम आहे, तीही ताटातलं झिंक धरून. ती महिनोन्‌महिने ओलांडली तर आतडं तांबं आत घेणं कमी करतं. तांबं घटलं की रक्तक्षय होतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे ज्या प्रतिकारासाठी गोळी घेतली त्याचीच फौज कमी होते. शिवाय पायांत बधिरपणा येतो आणि तो बी-१२ च्या कमतरतेसारखाच दिसतो, त्यामुळे चुकीचे उपचार सुरू होतात. शाकाहारी धान्य-डाळींत फायटेट असतं, ते झिंकला धरून ठेवतं, म्हणून व्हीगन माणसाला गरज थोडी जास्त असते हे खरं. पण त्यासाठी ५ ते १० मिलिग्रॅम शुद्ध झिंकची गोळी पुरते, तीही ताट कमकुवत असेल तरच. लेबलवर ‘झिंक सल्फेट ५५ मिलिग्रॅम’ असेल तर त्यात शुद्ध झिंक २० च्या आसपास असतं. ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधावा. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर झिंक त्या प्रतिजैविकालाच बांधून ठेवतं.

ताटातलं फायटेट कमी करणं गोळीपेक्षा सोपं आहे. मटकी, मूग, हरभरा आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून द्यायचं आणि ओल्या फडक्यात बांधायचं. एप्रिल-मे मध्ये मोड बारा तासांत येतात, त्यापुढे ठेवली तर मटकी आंबूस वास मारते आणि चिकट होते, ती टाकून द्यावी. डिसेंबरात पुरे दोन दिवस लागतात. भाकरीचं पीठ रात्री आंबवलं तर तेच काम होतं. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत धान्य-डाळींसोबत कांदा-लसूण शिजवल्यावर लोह आणि झिंक जास्त मोकळं होताना दिसलं. प्रयोग काचेच्या नळीतले होते, पण त्यासाठी का होईना, कांदा घातलेला झुणका अपराधी न वाटता खावा. तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू आणि हरभरा हे झिंकचे आपले नेहमीचे मार्ग.

सी जीवनसत्त्वाला नागपुरात गोळी लागावी, हा विनोद आहे. दिवसाची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. संत्र्याच्या १०० ग्रॅम गरात ४०-५०, म्हणजे आंबिया बहाराची दोन संत्री खाल्ली की हिशेब पुरा. मृग बहार संपला की पेरू नाही तर आवळा, त्यांत संत्र्याच्या कितीतरी पट. नियमित गोळी घेऊन सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांची सर्दी सुमारे आठ टक्के कमी दिवस टिकते, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यात अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर सुरू केली तर तेवढंही नक्की नाही. रोज १००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या लघवीत ऑक्झलेट वाढतं, आणि उन्हाळ्यात कमी पाणी पिणाऱ्या वैदर्भीयाला मुतखडा करायला तेवढं निमित्त पुरतं. वरणावर लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. तोच सी चा खरा उपयोग, कारण तो त्या ताटातलं लोह आत नेतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जवस आपल्या घरचंच आहे. भाजून, कुटून घेतलं तर एक मोठा चमचा ओमेगा-३ साठी पुरतो. अख्खं गिळलं तर जसंच्या तसं बाहेर पडतं. चटणी दहा-बारा दिवसांचीच करावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी, खवट वास आला की संपलं. गरोदरपणात शेवाळापासूनचं डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) घ्यायला हरकत नाही. दूध सोडल्यावर आयोडीन जवळजवळ फक्त आयोडीनयुक्त मिठातून येतं, म्हणून सैंधवाची हौस आठवड्याला एखाद्या दिवसापुरती ठेवावी. बदाम-सोया-ओटचं दूध घेणार असाल तर कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं घ्यावं आणि दर वेळी पाकीट जोरात हलवावं, कॅल्शियम तळाशी बसतं. घरी केलेल्या बदामाच्या दुधात यातलं काही नसतं. प्रथिनं किलोमागे ०.८३ ग्रॅम: ६० किलोच्या माणसाला ५०. वरण-भात आणि एक पोळी एवढ्यावर ती होत नाहीत. सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भात वाटीभर सोयावडी (कोरडी ३० ग्रॅम, प्रथिनं १५) भाजीत टाकायला काय अडचण आहे, हे आम्हाला कळलेलं नाही.

गुळवेलीचा उल्लेख टाळता येत नाही. २०२१ पासून गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईसह देशातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयानं त्यांवर आक्षेप घेतला आणि दिसायला सारख्या दुसऱ्याच वेलीकडे बोट दाखवलं. वाद काहीही असो, ज्यांना सांधेवात, थायरॉइडची सूज किंवा सोरायसिस असे स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकाराचे आजार आहेत, त्यांनी प्रतिकार ‘वाढवणारं’ काहीही वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. केसांसाठी ५-१० मिलिग्रॅम बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद करावं. अनेक यंत्रांत ते थायरॉइडचे आकडे बिघडवतं.

लेबलबद्दल. हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. खव्याच्या बर्फीवरही तो हिरवाच असतो. २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांना वेगळं हिरवं चिन्ह आहे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचं. पण ते खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकांवर मिळेल, ज्यांवर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर ठिपका बंधनकारक नाही. तिथं ‘एचपीएमसी’ (वनस्पतीजन्य) कवच आहे की ‘जिलेटिन’ हे वाचावं, किंवा सरळ कॅप्सूलऐवजी गोळी मागावी. आकडा ‘एका गोळीत’ आहे की ‘दोन गोळ्यांत’ हेही बघावं. घटकांच्या मात्रा न देता ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ एवढंच छापलेलं असेल तर ते परत शेल्फवर. आणि तत्त्वापायी एखादं आवश्यक औषध किंवा लस टाळू नये. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीच्या आजच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर’ असे शब्द आहेत. फ्लूची लस अंड्यात वाढवलेली असली तरी वयस्कर किंवा दमेकरी माणसानं ती घ्यावी, असं आमचं मत.

एक नागपुरी सूचना राहिली. पट्टीवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं असतं आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत त्याच्या दुप्पट तापमान होतं. सॉफ्टजेल एकमेकांना चिकटतात, प्रोबायोटिकचे जीवाणू मरतात, चघळायच्या सी च्या गोळ्या तपकिरी पडतात. कुरिअरनं मागवायचं तर मार्चच्या आत मागवावं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर न ठेवता खोलीतल्या कपाटात ठेवावं. बी-१२ ला फ्रिज लागत नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच: अशा डब्याची जाहिरात किंवा पत्रक घेताना चार गोष्टी छापल्याशिवाय ते घेऊ नये. बी-१२ किती मायक्रोग्रॅम, शुद्ध झिंक किती मिलिग्रॅम, डी किती युनिट आणि ते लोकरीचं की लायकेनचं, कवच कशाचं. बाकी फळांची चित्रं हवी तेवढी असोत.

आपले,
काही आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट, नागपूर